मागे घेतलेली तक्रार

"बाईंनी तक्रार मागे घेतली आहे, विषय संपला," असे म्हणून शिस्तपालन समितीच्या अध्यक्षांनी फाइल मिटली. मी ती पुन्हा उघडली. कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये आजही सांगतात, की बारच्या निवडणुकीत रणदिवे वकिलांनी मला पाडले, त्याचा मी सूड घेतला. साफ खोटे. निवडणुकीतल्या त्या पराभवाची गोष्ट मी सुनावणीआधीच उघड केली होती आणि रणदिव्यांनी स्वतः 'हरकत नाही' म्हटले होते. सांगणारे नेमके तेवढेच गाळतात.

वकिलाच्या गैरवर्तनाची चौकशी तीन वकिलांची समिती करते. त्या तिघांत मी होतो. शाहूवाडीकडच्या सुनंदाबाईंचा पोटगीचा अर्ज रणदिव्यांकडे होता. केसच्या चर्चेसाठी ते त्यांना लॉजवर बोलावत. त्या आल्या नाहीत, की कोर्टात पुढची तारीख मागून घेत.

मी विचारले, "बाई, हे घडलेच नव्हते काय?"

सोबतचा भाऊ म्हणाला, "मिटलंय की सायेब. कशाला उकरताय?"

"तुम्हाला विचारले नाही, पावणं."

बाई खाली बघत म्हणाल्या, "घडलंय. पर तक्रार मागं घेतल्याबिगर माझी कागदं देणार न्हाय म्हंत्यात."

रणदिवे हसले. "दादा, बाई सोडतीय, तुम्ही का धरून बसलाय?"

कारण नियम तसा आहे. दोन पक्षकार आपला वाद आपसांत मिटवू शकतात. इथे प्रश्न सनदेचा, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा असतो. केवळ तक्रार मागे घेतली म्हणून चौकशी थांबत नाही. मी नियम वाचून दाखवला. बाईंचा जबाब झाला. उलटतपासणी रणदिव्यांनी स्वतः घेतली. त्यांनी काय काय विचारले, ते मी लिहिणार नाही.

सनद तीन वर्षांसाठी निलंबित झाली. निर्णय एकमताचा होता. दोष मात्र एकट्या माझ्या नावावर चढला.

बाईंना कागद मिळाले. वकील मिळाला नाही. वकिलावरच तक्रार करणाऱ्या बाईचे वकीलपत्र कोणी घेईना. शेवटी त्या माझ्या दारात आल्या.

"तुमीच घ्या की, सायेब. बोलायला तुमीच लावलं न्हवं?"

ज्या प्रकरणात न्याय करायला बसलो, त्यातल्या तक्रारदाराचे वकीलपत्र घेणे मला शोभणारे नव्हते. मी नकार दिला. त्यांच्या बाजूने कोणी उभे राहिले नाही, म्हणून त्यांचा अर्ज पुढे गैरहजेरीत फेटाळला गेला.

रणदिवे आता पुन्हा कोर्टात उभे राहतात. आमचा निर्णय बरोबर होता, हे मी कोणालाही ठणकावून सांगेन. सनद काढून घेणारी समिती असते. वकीलपत्र घ्यायला लावणारी अजून कोणी नेमलेली नाही.