गेटवर ठेवलेला फोन

सुखराम मेश्राम हा आमच्या अधारताल वस्तीतला माझा शेजारी. शस्त्रं बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात त्याचा जन्म गेला, मागच्या वर्षी निवृत्त झाला. शिस्तीचा इतका पक्का की घरच्यांच्या नाकी नऊ यायचे. कारखान्यात मोबाइल न्यायला बंदी. रोज सकाळी गेटवरच्या खिडकीत फोन द्यायचा आणि सुटीचा भोंगा झाला की परत घ्यायचा. ही सवय त्याच्या हाडीमाशी खिळली होती.

त्या सकाळी मी त्याला डुमना विमानतळावर सोडायला निघालो होतो. त्याची बायको भागीरथा मुंबईला मुलाकडे, अश्वजीतकडे गेलेली. तिथे तिच्या आतड्याला पीळ पडला आणि ऑपरेशन त्या दुपारचं ठरलं. ती फार घाबरली होती. आदल्या रात्री फोनवर एकच धोशा, "तुमच्याशी बोलल्याबिगर मी आत जात नाही. सांगून ठेवते."

सुखरामच्या पोटात आदल्या दिवसापासून अन्नाचा कण नव्हता. म्हणून अश्वजीतने स्वस्तातल्या विमानाच्या तिकिटासोबत विमानतळावरच्या त्याच कंपनीच्या लाउंजचेही पैसे भरले, म्हणजे बाबा निवांत बसून दोन घास खातील.

"बायको तिकडे तडफडून राहिली अन् मी इथं मेजवानी झोडू?" सुखराम गाडीत माझ्यावरच खेकसला. मी गाडी हाकत राहिलो. घाबरलेल्या माणसाशी वाद घालू नये एवढी अक्कल मला आहे.

पुढचं त्याने मला नंतर सांगितलं. लाउंजच्या दाराशी मोना नावाची मुलगी गणवेश घालून बसली होती. तिने फोनवरचा कोड मागितला. सुखरामने फोन तिच्या हाती दिला आणि सरळ आत निघून गेला! दार आणि गणवेश दिसल्यावर दुसरं काय करणार? मोनाने कोड तपासून मान वर केली तर हा गायब, आणि समोर पाच-सहा जणांचं टोळकं ताटकळत उभं. कारखान्याच्या सवयीने आवाज बंद ठेवलेला फोन कागदांखाली गेला तो गेलाच.

आत पोहे होते, त्यांना त्याने हातही लावला नाही. बॅग मांडीवर धरून सुखराम ताठ बसून राहिला. विमानाची वेळ झाली की कोणीतरी पुकारेल, अशी त्याची खात्री. तिथे कोणीच काही पुकारत नव्हतं. आजूबाजूचे लोक आपापल्या फोनमध्ये बघून उठून जात होते. याच्या मनात एकच घोळत होतं, भागीरथा आत जायच्या आधी मी पोचतो की नाही.

अचानक मोना धावत आली. "अंकल जी, आपका फोन! कागज उठाए तो देखा, घर से बार-बार आ रहा है।"

त्याने फोन कानाला लावला. पलीकडे अश्वजीत रडवेला झाला होता. "बाबा, कुठं होता तुम्ही? आईचं दुखणं एकदम वाढलं. डॉक्टर थांबायला तयार नाहीत. तुमच्याशी बोलायचं म्हणून ती सारखी फोन लावून राहिली होती. आताच आत नेलं."

मोनाने त्याच्या हातातलं तिकीट पाहिलं आणि ती ओरडलीच, "मुंबई? गेट बंद हो रहा है, भागिए!" त्याची बॅग तिनेच उचलली. तो तिच्यामागे धावला. दार ओढून घेता घेता तिथल्या माणसाने शिव्या गिळून त्याला आत सोडलं.

विमानात फोन बंद करायला सांगितलं. त्याला ते जमेना, शेजारणीने करून दिला. तो प्रवास आपल्या वैऱ्यावरही येऊ नये, असं सुखराम म्हणतो. भागीरथाचं बरंवाईट झालं तर? नवऱ्याने शेवटचा फोनसुद्धा उचलला नाही, हेच मनात धरून जाईल ती. खिडकीकडे तोंड करून तो त्रिशरण म्हणत राहिला आणि मधल्या ओळी विसरत राहिला.

मुंबईला चाकं टेकताच त्याने फोन लावला. घंटी वाजत राहिली, कोणी उचलेना. लोक सामान काढून पुढे सरकले, मागचे खोळंबून कुरकुरू लागले. दुसऱ्यांदा लावला तेव्हा अश्वजीतचा आवाज आला.

"बाबा, ऑपरेशन नीट झालं. आई शुद्धीवर येऊन राहिली."

"काही बोलली?"

"डोळे उघडले अन् पहिलं हेच विचारलं, 'तुझ्या बाबानं फोन काहून नाही उचलला? त्याहीले काही झालं तर नाही ना?'"

विमानाच्या त्या चिंचोळ्या वाटेत, भर लोकांत, सुखराम मेश्राम मोठ्याने रडला.