पश्चिमेच्या फांद्या

अण्णांचं झाड कशाने वाळलं, हे घरात फक्त मला ठाऊक आहे. बाकीच्यांना वाटतं, वहिनींच्या साबणाच्या पाण्याने. तसं मीच सांगितलं होतं.

यशवंतपुरातल्या आमच्या घरापुढे अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, ख्रिसमस ट्री लावलं होतं. ते दुमजली घराच्याही वर गेलं. मी बागायत खात्यातून निवृत्त झालेला, त्यामुळे झाडांच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा. टँकरचं पाणी साठवायला अंगणात जमिनीखाली टाकी खणायची ठरली, तेव्हा अण्णा मुलीकडे म्हैसूरला निघाले होते. जाताना म्हणाले, "मुळं लागली की थांब. जागा बदलू."

दुसऱ्याच दिवशी झाडाच्या पश्चिमेला मनगटाएवढी मुळं लागली.

"सार, बेरु बंतु, मुळं आली. काय करू?" खणणाऱ्याने विचारलं.

अर्धा खड्डा झाला होता. तो बुजवून नवा खणायचा मला कंटाळा आला. म्हणालो, "काप." अण्णा परतले तोवर वर काँक्रीट पडलं होतं.

काही महिन्यांनी झाडाची सुईसारखी पानं तपकिरी व्हायला लागली. अण्णांनी मला भिंग घेऊन झाडाखाली उभं केलं. आतल्या जुन्या सुया गळतात, ते वयाचं. बुरशी असली तर ठिपके किंवा पट्टे दिसतात. पाण्यात क्षार असले तर चहूकडच्या फांद्यांची टोकं आधी करपतात. इथे फक्त पश्चिमेच्या फांद्या पार खोडापर्यंत वाळलेल्या, बाकी झाड हिरवंगार. मला भिंगाची गरजच नव्हती. मी टाकीच्या झाकणावरच उभा होतो.

"मुळं तर नाही ना दुखावली?" अण्णांनी विचारलं.

इतक्यात वहिनी कपडे खळबळलेल्या पाण्याची बादली घेऊन आल्या, झाडाला घालायला. मी म्हणालो, "साबणाचे क्षार."

"बघ! तुझ्या काटकसरीने माझं झाड खाल्लं!" अण्णा ओरडले.

मग दीड वर्ष मला त्या खोट्या रोगावर उपचार करावे लागले. जिप्सम पसरलं, गोडं पाणी सोडलं. रोज सकाळी अण्णा खाली बोलवत आणि मी वर बघून मान हलवत असे. शेवटी झाड कापलं. अण्णा गेले, ते तेच खरं मानून. पुतण्या आईला अजून चिडवतो, "अम्मा, लांब हो गं, प्लास्टिकची तुळससुद्धा जळेल!" वहिनी हसतात. मी विधुर, दोन्ही वेळा त्यांच्याच हातचं जेवतो.

गेल्या आठवड्यात जेवताना सगळं सांगून टाकलं. वहिनींनी डाव खाली ठेवला.

"असू दे हो भावजी. माझी समजूत घालायला खोटं कशाला बोलता? तुम्ही भिंगातून बघून सांगितलं होतंत ना?"

मी पुन्हा सांगितलं. "सरी, सरी, बरं," म्हणत त्यांनी आणखी स्वल्प भात वाढला.

त्यांना पटत नाही, म्हणून पुतण्याला हे लिहून देतो आहे. मुळं मी कापायला लावली. खणणारा अजून इथेच कामं घेतो, त्याला विचार. आईची चेष्टा आजपासून बंद कर. करायचीच असेल तर माझी कर, तिच्यासमोर.