तारा बरोबर होत्या

ऐंशी सालाच्या आसपास मी कर्जतमधल्या एका खासगी दवाखान्यात नर्स होते. ईसीजीचं मशीन नवीनच आलं होतं. ते चालवायला डॉक्टरांनी मलाच शिकवलं होतं.

एका सकाळी कडावचा पंचविशीतला एक माणूस आला. रसायनीच्या कारखान्यात त्याची निवड झाली होती, फक्त तब्येतीचा दाखला हवा होता. मी हातापायांना पट्टे बांधून आलेख काढला. पहिल्याच ओळीत सगळ्या लाटा उलट्या, खाली डोकं वर पाय.

"हातांच्या तारा उलट लावल्यास तू," डॉक्टर म्हणाले.

तारा बरोबर होत्या. पुन्हा काढला, तरी तेच. शिवाय नुसत्या हातांच्या तारा चुकल्या असत्या, तर छातीवरच्या लाटा नेहमीसारख्या आल्या असत्या. इथे डावीकडे सरकावं तशा त्या लहान होत होत्या. मी त्याच्या छातीवर हात ठेवला. डावीकडे काहीच लागेना. ठोके उजवीकडे.

"तुमचं हृदय उजवीकडे आहे हो," मी म्हटलं.

तो हसला. "लहानपनापासून तितंच धडधडतंय. आमाला वाटलं, समद्यांचं तसंच."

मग मी मुद्दाम हातांच्या तारांची अदलाबदल केली, छातीच्या तारा उजवीकडे लावल्या. अगदी निरोगी आलेख आला. दोन्ही कागद डॉक्टरांपुढे ठेवले. "सर, हृदय उजवीकडे आहे, आजार काही नाही."

"डॉक्टर तू का मी?" त्यांनी दुसरा कागद चुरगळला. त्याच्या छातीला नळीही न लावता लिहिलं: हृदयविकार, नोकरीस अयोग्य.

सहा महिन्यांनी तो मुंबईहून एक्स-रे काढून आला. हृदय उजवीकडे, पण ठणठणीत. कारखान्यातली जागा केव्हाच भरली होती.

डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. म्हणाले, "त्या दिवशी बाईंनी तारा उलट लावल्या होत्या. म्हणून घोटाळा झाला."

तो माझ्याकडे वळला. "बाई, तुमी तर हात लावून सांगितलं व्हतं मला."

डॉक्टरही माझ्याकडेच बघत होते. घरात कमावणारी मी एकटी.

"मला आठवत नाही," मी म्हटलं.

तो फोटो पाकिटात घालून निघून गेला. पुढे कडावहून डेअरीला दूध घालायला येताना दिसायचा, मी मान खाली घालायचे.

त्यानंतर अकरा वर्षं मी तिथे नोकरी केली. डॉक्टर माझ्याशी नेहमी चांगलेच वागले.