बिनशिट्टीचा कुकर

मायाबाईच्या साडीला फिनाइलचा वास असतो, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. धंतोलीतल्या एका दवाखान्यात ती बावीस वर्षांपासून आया आहे. वॉर्ड शुगरवाल्यांच्या पायांचा. यवतमाळ, गडचिरोली, बालाघाट, कुठून कुठून माणसं तिथं काळा पडलेला पाय चादरीत गुंडाळून येतात. मायाबाई भांडं देते, ड्रेसिंगची बादली धरते, फरशी पुसते. जखमेकडे एकदा पाहिलं की हा माणूस किती पाय घेऊन घरी जाईल ते तिला कळतं. ती बोलत नाही. आयाबाईला कोणी विचारतही नाही.

घरी तिचा नवरा प्रेमानंद. कळमेश्वरच्या कारखान्यात तीस वर्षं मशीनसमोर उभा राहिलेला माणूस, आता रिटायर. शुगर त्यालाही आहे, बारा वर्षांची. गोळ्या खातो, सुई टोचून घेतो आणि जिलेबीच्या दुकानावरून जाताना मान फिरवतो, ती दुकानाकडे.

इंदोऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत चौदा एप्रिलला सकाळी अकराला विहारासमोर वंदना होते, झेंडा चढतो आणि मग जयंतीचा केक कापतात. केक निळा, दोन टेबलं जोडून ठेवावा लागेल एवढा. सुरी द्यायची ती मंडळातल्या सगळ्यात जुन्या माणसाच्या हातात, आणि कापून झाल्यावर घरोघरच्या लोकांनी त्याला एकेक तुकडा भरवायचा, अशी रीत. आधी हा मान गणपतरावांचा होता. ते गेल्यावर प्रेमानंदकडे आला. गल्लीत छत्तीस घरं आहेत.

मागच्या जयंतीला घरी आल्यावर त्यानं सांगितलं, एकच तुकडा खाल्ला. मायाबाईनं जीभ दाखवायला लावली. जीभ पार आतपर्यंत निळी. दुसऱ्या सकाळी शुगर चारशे दहा. त्याच मिरवणुकीत नव्या चपलेनं त्याचा अंगठा सोलून निघाला होता आणि त्याला पत्ता नव्हता, कारण पायाला लागलेलं कळणं कधीच बंद झालं होतं. महिन्याभरात उजवा अंगठा गेला. मायाबाईच्याच दवाखान्यात, तिच्याच वॉर्डात.

यंदा मार्चात त्याच्या शेजारचं बोट काळं पडलं. डॉक्टर म्हणाले, बुधवारी सकाळी उपाशीपोटी शुगर दोनशेच्या आत आली तर गुरुवारी बोट काढून घेऊ, तेवढ्यावर भागेल. नाही आली तर थांबावं लागेल, आणि थांबलं तर काळं वर चढेल. वर म्हणजे कुठवर, ते मायाबाईला कोणी सांगायची गरज नव्हती. बुधवार म्हणजे पंधरा एप्रिल. जयंती मंगळवारची.

यंदा सुरी दुसऱ्याला द्या, असं तिनं नवऱ्याला म्हणून पाहिलं. तो उठून कूलरच्या जाळीवरची धूळ झटकू लागला. मग म्हणाला, "वर्षातून एक दिवस लोक मले भरवते, माया. बाकीचे दिवस तं मी असाच बसून राह्यतो."

तीस वर्षांच्या नोकरीत त्याला कोणी हार घातला नव्हता.

तेव्हा तिला पलंगाखालचा कुकर आठवला.

तो कुकर चारुलताचा. स्पेशल रूममध्ये तिचे वडील दीड महिना होते आणि ही मुलगी खुर्चीवर झोपून त्यांचं करायची. बापाला दवाखान्याचं जेवण जाईना म्हणून तिनं हा विजेचा कुकर आणून ठेवला होता. आत मातीसारखं जाड भांडं, वर काचेचं झाकण, आणि सगळं शिजणार ते तासन्तास, मंद. बापाच्या वाढदिवसाला तिनं त्यात चॉकलेटचा केक केला होता. गव्हाचं पीठ नाही, मैदा नाही, साखर नाही, तरी केक. मायाबाईला एक तुकडा दिला. मायाबाईनं तो फरशी पुसायच्या आधी जिन्यात उभ्यानं खाल्ला आणि दोन दिवस चव विसरली नाही. पुढे म्हातारे गेले. सामान आवरताना चारुलता म्हणाली, मावशी, हा तुम्ही घेऊन जा, माझ्यानं आता याच्याकडे पाहवत नाही. कृती औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून दिली. शेवटची ओळ दोनदा अधोरेखित केली होती: तीन तास झाकण उघडायचं नाही. एकदा उघडलं की वीस मिनिटांची ऊब गेली.

चिठ्ठीत बदामाचं पीठ होतं. बदाम किलोनं आणायचे ते मायाबाईच्यानं होणारं नव्हतं. वॉर्डातल्या आहारवाल्या मॅडमला तिनं बादली हातात घेऊनच विचारलं. मॅडम म्हणाल्या, जवस आणि शेंगदाणे चालतील, पण एका वेळी दोनच बोटांएवढा तुकडा. जवस तर घरात बारा महिने असतातच, चटणीचे. सोमवारी दुपारी ड्यूटीवर जायच्या आधी तिनं जवस तडतडेस्तोवर भाजले, शेंगदाण्यांची सालं पाखडली, आणि मिक्सर थांबवत थांबवत दळलं, म्हणजे दाण्यांना तेल सुटून लगदा होऊ नये. शेजारची सुमती पाहून म्हणाली, एवढी चटणी कायले वं?

केक आहे म्हटल्यावर प्रेमानंदनं विचारलं, पीठ नाही, साखर नाही, मग त्यात आहे तरी काय? मायाबाई म्हणाली, "तुमचा पाय हाये."

मंडळाच्या लोकांना तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. कापू द्या त्यालाच, पण भरवा ते माझ्या ताटातलं. लोक हो म्हणाले.

रात्रपाळी तिनं मुद्दाम मागून घेतली होती, म्हणजे दिवस मोकळा मिळेल. रात्र काही सरळ गेली नाही. चौदा नंबरच्या बेडवरच्या माणसाचा ताप उतरेना, तीन वेळा चादरी बदलल्या. सकाळी सात वाजता सुटून शेअरिंगच्या ऑटोत ती बसल्या बसल्या पेंगली आणि साडेसातला घरी पोचली. हातपाय धुतले. सहा अंडी फोडली, लोणी वितळवलं, कोको चाळला, दळलेलं कालवलं, शुगरवाल्यांची बिनसाखरेची पावडर आणि चिमूटभर मीठ टाकलं, भांड्याला लोणी चोळून सगळं ओतलं. काचेला सुटलेलं पाणी केकावर पडू नये म्हणून प्रेमानंदचा धुतलेला दुपट्टा चौघडी करून झाकणाखाली ताणून बसवला. आठला बटण दाबलं. अकराला बरोबर होणार होतं.

"झाकनाले हात लावू नका," ती म्हणाली. "कोनालेच लावू देऊ नका. मी पाठ टेकवते जराशी."

तो हो म्हणाला. हो म्हणताना तो नेहमी मनापासूनच म्हणतो.

त्यानंतर काय झालं ते तिनं पाहिलं नाही. ती कूलरसमोर चटईवर पडली आणि झोपून गेली. गल्ली मात्र जागी होती. पांढरे कपडे घालून लोक जय भीम करायला घरोघर फिरत होते, आणि प्रेमानंदच्या घरात शिरलं की पहिला वास यायचा चॉकलेटचा. सगळ्यात आधी आली त्याची थोरली बहीण पंचफुलाबाई. दोन घरं टाकून राहते, भावाच्या घरात तिला विचारून काही करायची सवय नाही. तिनं कुकरकडे पाहिलं, कान लावला आणि म्हणाली, किती शिट्ट्या झाल्या? प्रेमानंद म्हणाला, याले शिट्टी नसते. मग चालू कशावरून, असं तिचं म्हणणं पडलं. झाकण काचेचं, एरवी आतलं दिसलं असतं, पण काचेखाली दुपट्टा. तिनं उचलून पाहिलं. चालू होता.

पुढे तेच झालं. जो आला त्याला प्रेमानंद कौतुकानं सांगे, माया साखरेबिगर केक करून राहिली, आणि जो ऐकेल तो झाकण उचले. आपल्याकडे चुलीवरच्या भांड्याचं झाकण उचलणं म्हणजे त्या घराची विचारपूस करणं, त्यात कोणाला काही वाटत नाही. आणि मधल्या वेळात, कोणी नसताना, प्रेमानंद स्वतः. नुसता वास घ्यायला.

पावणेअकराला मायाबाई उठली. आधी तिला दुपट्टा दिसला, उलट्या बाजूनं घडी केलेला. तिनं झाकण काढलं. कडा धरल्या होत्या, मधे सगळं डुचमळत होतं. सुरी घातली ती चिखलातून निघावी तशी निघाली.

"किती खेपा उघडलं?"

प्रेमानंद बोटं मोजू लागला. पंचफुलाबाईनं दोन खेपा. सुमतीनं एक, तिच्या सुनेनं एक. मंडळाचे पोट्टे आले तेव्हा एक.

"अन् तुमी?"

"चार," तो म्हणाला.

रागावण्याइतकं त्राण तिच्यात नव्हतं. तिनं दुपट्टा पुन्हा चौघडी केला, ताणला, झाकण बसवलं आणि भिंतीला पाठ लावून खाली बसली. बाहेर लाऊडस्पीकरवर वंदनेला या म्हणून पुकारा सुरू झाला होता. प्रेमानंद खुंटीवरचा पांढरा शर्ट काढून हातात धरून उभा राहिला, घालू की नको अशा विचारात.

"मागच्या साली तुमचा अंगठा कुठं गेला, ठाऊक हाये?" ती म्हणाली.

त्याला ठाऊक नव्हतं. त्यानं कधी विचारलं नव्हतं.

"कापलेलं पिवळ्या पिशवीत टाकते. मंग पिशवीचं तोंड बांधून, चिठ्ठी लावून, खाली गाडीपाशी नेऊन द्या लागते. ते काम आयाचं. त्या दिवशी डूटी माही होती. दुसरीले म्हटलं असतं तं तिनं नेली असती. पन मले वाटलं, कोनाच्या हातात कायले देऊ."

त्यानं शर्टाची घडी उलगडली.

"हलकी होती," मायाबाई म्हणाली. "बोटाची पिशवी हलकी राह्यते. पायाची जड असते, दोन हातानं धरा लागते. जिन्यात दोन खेपा टेकवा लागते. ते मी बावीस वर्षापासून करून राहिली, लोकाईचं. तुमचं माह्यानं होनार नाई. मी थकली आता."

तिनं आवाज चढवला नाही. बेडवरच्या माणसाला चादर बदलायची आहे हे सांगावं, तसं सांगितलं.

प्रेमानंदनं शर्ट घातला, बटणं लावली, बोटाजवळ कापलेली चप्पल पायात सरकवली आणि लंगडत गेला. मायाबाईला त्याला अडवायचंही सुचलं नाही. कुकर गुरगुरतही नव्हता, नुसता गरम होता. वंदना ऐकू आली, मग घोषणा, मग टाळ्या. म्हणजे कापला. ती घरं मोजू लागली. एका घराचा तुकडा, दुसऱ्या घराचा तुकडा. पाचाच्या पुढे तिनं मोजणं सोडून दिलं.

अर्ध्या तासानं तो परत आला आणि दारातच थांबला. ती काही बोलायच्या आधी त्यानं तोंड उघडून जीभ बाहेर काढली. मायाबाई उठली, त्याची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि जखम पाहावी तशी पाहिली. जीभ लाल होती. टोकाला एक निळा ठिपका.

"हे का हाये?"

"पंचफुलाबाईची नात. तीन वर्षाची पोट्टी, तिनं बोट तोंडात घातलं. तिले का सांगू?"

"अन् बाकीचे?"

"बाकीच्याईले म्हटलं, माह्या घरचा अजून शिजून राहिला. हसले लोक. म्हनले, मंग शिट्टी कवा होते गा तुह्या कुकरची." तो चप्पल काढायला वाकला. "हसू दे."

मायाबाईनं त्याचा पाय पाहिला, पट्टी बदलली आणि परत चटईवर आडवी झाली. झोप लागता लागता तिला स्टूल ओढल्याचा आवाज आला. मग बऱ्याच वेळानं पंचफुलाबाईचा आवाज, अजून झाला नाही का म्हणून, आणि प्रेमानंदचा:

"बाई, हात नको लावू."

"पाह्यते फक्त."

"पाह्यनं नाई. बस तिकडे."

थोरल्या बहिणीला तो असं बोललेला मायाबाईनं लग्नापासून ऐकला नव्हता. डोळे उघडून पाहावं असं वाटलं, पण उघडले नाहीत.

केक दोन वाजता झाला. चपटा, मधे तडकलेला, काळा. तिला कोणी उठवलं नाही. पंचफुलाबाईनं एक तुकडा भरवला, सुमतीनं एक, मंडळाचे दोघंतिघं आले त्यांनी चिमूट चिमूट. सगळं मिळून दोन बोटांच्या वर होऊ दिलं नाही, असं त्यानं संध्याकाळी शपथेवर सांगितलं. लोक म्हणाले, चॉकलेटची चटणी आहे. पंचफुलाबाईनं मात्र घरी न्यायला वाटी मागितली. मायाबाईचा वाटा ताटाखाली झाकून ठेवला होता. उठल्यावर तिनं तो चहासोबत खाल्ला. जिन्यातल्या तुकड्यासारखा लागला नाही. जवस जास्त भाजले गेले होते.

बुधवारी शुगर एकशे ब्याण्णव आली.

गुरुवारी दुपारी बोट काढलं. दुसरी आया म्हणाली, मायाताई, तुमी ऱ्हाऊ द्या, मी नेते. मायाबाईनं पिशवीला गाठ मारली, चिठ्ठी लावली, आणि जिना उतरून खाली गाडीपाशी नेऊन दिली. हलकी होती. एका हातानं नेली. वर येताना कठड्याला धरून मधल्या पायरीवर थोडी बसली, आणि मग पाच नंबरवाल्यानं बेल वाजवली म्हणून उठली.