तीन तासांनंतरची फिल्म

ऐंशीच्या दशकात मी ठाण्यात एका डॉक्टरांच्या एक्स-रे क्लिनिकमध्ये टेक्निशियन होते. मूत्रपिंडाच्या तपासणीत शिरेतून औषध टोचायचं आणि पाच, पंधरा, तीस मिनिटांनी फिल्म काढायच्या. मूत्रपिंड औषध किती वेळात उचलतं, त्यावरून ते कितपत काम करतंय हे कळायचं. तिसाव्या मिनिटालाही काही उमटलं नाही, की रिपोर्टात ‘निकामी’. तीसच का, हे मी कधी विचारलं नव्हतं. एक वाजता क्लिनिक बंद करून डॉक्टर जेवायला घरी जात, तिसावर थांबण्याचं एवढंच कारण होतं.

एकदा बाळकुमची एक कोळीण आली. तिचं उजवं मूत्रपिंड पाचव्या मिनिटाला लख्ख दिसलं, डावं तिसाव्यालाही नाही. डॉक्टर रिपोर्ट लिहून घरी गेले. आता सर्जन डावं काढणार, हे ठरल्यातच जमा होतं. मी दुपारी क्लिनिकमध्येच डबा खायचे; नवरा चारला न्यायला येणार म्हणून तीही बाकावर बसून राहिली. तिने फिल्म बघायला मागितली. मी जरा तोऱ्यातच समजावलं, की डावीकडे औषध पोचलेलंच नाही.

तिने बराच वेळ फिल्म पाहिली.

“बाय, खाडीचं पानी सगल्या नाल्यांत एकाच वक्ताला भरत नाय,” ती म्हणाली. “चिखल असला का उशिरा पोचतं. तू जरा थांब.”

मला रागच आला. मला शिकवणारी ही कोण? तिला खोटं पाडायचं म्हणूनच मी सव्वातीनला, औषध टोचल्याला तीन तास झाल्यावर, तिला पुन्हा टेबलावर झोपवलं. फिल्म धुऊन उजेडात धरली, तर डावीकडे फिकट, फुगलेलं मूत्रपिंड, आणि खाली नळीत एका जागी औषध अडलेलं. ते जिवंत होतं.

पुढे सर्जनांनी नळीतला खडा काढला, मूत्रपिंड वाचलं. पण फिल्म काढली त्याच संध्याकाळी ती पाहून डॉक्टरांनी जुनं रजिस्टर मागवलं आणि ‘निकामी’ लिहिलेल्यांना पुन्हा तपासणीला या म्हणून आम्ही पत्रं टाकली. सगळ्यांत आधी मानपाड्याच्या कारखान्यातला एक कामगार आला. त्याने शर्ट वर करून टाक्यांचा व्रण दाखवला.

“ताई, ते निकामीच होतं ना?” त्याने विचारलं. “मग काढलं ते बरंच झालं.”

डॉक्टरांनी रजिस्टरात डोकं घातलं, म्हणून मी हो म्हणाले.