कपाटातला चाफा

कुठलंही रोप हातात घेतलं की ती आधी त्याच्या बुंध्याला अंगठ्याने दाबायची आणि डोळे मिटायची, पेशंटची नाडी बघावी तशी. मग डोळे उघडायचे आणि शेजारी गिऱ्हाईक उभं आहे का याचा जराही विचार न करता म्हणायचं, "हे गेलंय रे."

माझ्या नर्सरीत, माझ्या रोपाला. तेही शनिवारी, आरे-वारेच्या समुद्रावर निघालेल्या मुंबई-पुण्याच्या गाड्या दारात लागलेल्या असताना.

तुमच्याही धंद्यात असं एखादं माणूस येऊन गेलं असेल, म्हणून सांगतो. मी तिला अजून माफ केलेलं नाही. ती वारली, तरी नाही. आमच्यात एक व्यवहार ठरला होता आणि तो पुरा न करताच ती गेली.

सगळे तिला सिस्टर म्हणायचे. रत्नागिरीचीच. तरुणपणी नर्स होऊन परदेशी गेली ती लांब उत्तरेकडे, जिथे आपला फाल्गुन सरत आला तरी रस्त्यावर बर्फ असतो. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर दरवर्षी पौष-माघात इकडे भावाकडे यायची, दोन महिने राहायची आणि परत जायची. भावाचं घर माझ्या नर्सरीपासून चालत पाच मिनिटांवर, हे माझं नशीब.

मी कातळावर उभा राहिलेला माणूस आहे. बापाला स्वतःची जमीन नव्हती. आंब्याची कलमं मी आधी डोक्यावरून विकली, मग सायकलवरून, मग टेम्पोतून. जांभ्यात खड्डे फोडून, बाहेरून माती आणून मी ही नर्सरी उभी केली. त्यामुळे झाड म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला आलेलं चालत नाही. आवाज चढतो. बायको म्हणते, तुमच्या आवाजाने गिऱ्हाईक पळतं. पळू दे. परत येतं.

पहिल्यांदा ती आली तेव्हा तिला देवचाफ्याच्या फांद्या हव्या होत्या. दोन पांढऱ्याच्या, दोन तांबड्याच्या. आता आपल्याकडे चाफा विकत कोण घेतो? देवळाच्या आवारात, कबरस्तानाच्या कडेला, कुठेही उभा असतो. फांदी मोडा, जमिनीत खुपसा, जगते. पण गिऱ्हाईक परदेशातलं होतं. मी चेहरा गंभीर केला आणि म्हटलं, सिस्टर, हल्ली मिळणं कठीण आहे.

"तुझ्या कुंपणालाच आहे की," ती म्हणाली.

तासभर घासाघीस झाली. शेवटी ती चार फांद्या तर घेऊन गेलीच, वर भावाच्या दारात लावायला अबोलीचं एक रोप फुकट. माझ्याकडून फुकट काही नेलेली ती पहिली बाई.

त्या फांद्या मी स्वतः बांधून दिल्या. आम्ही कलमवाले. आंब्याची काडी झाडावरून उतरवली की ओल्या फडक्यात गुंडाळायची, सुकू द्यायची नाही, हे आमच्या बोटांना सांगावं लागत नाही. त्याच बोटांनी मी चाफ्याच्या फांद्या ओल्या गोणपाटात गुंडाळल्या, वरून प्लास्टिक लावलं आणि तिला बजावलं की घरी पोचेपर्यंत गोणपाट सुकता कामा नये. निघायला दहा-बारा दिवस होते. बाईने रोज त्यावर पाणी मारलं. कागदपत्रं, शिक्के, तपासणी सगळं करून तिथे नेल्या. उघडल्या तर आत काळा चिखल.

हे मला पुढच्या वर्षी कळलं, आणि माझ्याबरोबर नर्सरीतल्या सात-आठ गिऱ्हाइकांनाही कळलं. आवाज न चढवता ती बोलत होती, म्हणून सगळे कान देऊन ऐकत होते.

"कलमवाल्याचं ऐकलं, ही माझी चूक," ती म्हणाली. "अरे बाबा, फांदी तोडली म्हणजे जखम झाली. जखम कोण ओली बांधून ठेवतो? आधी खपली धरू दे."

चीक गळून जाऊ दे, सावलीत आठ-दहा दिवस नुसती पडू दे, तोंडाला खपली धरली की मग मातीत, आणि पाणी अगदी बेताचं. हे तिने मला, माझ्या गिऱ्हाइकांसमोर, वॉर्डातल्या नव्या पोरीला समजावावं तसं समजावलं. मी म्हटलं, सिस्टर, तुम्ही इंजेक्शनं द्या, झाडं मला कळतात. ती हसली. तिचं हसू मला शिवीपेक्षा लागलं.

ती गेल्यावर मी शेडच्या मागे चार फांद्या लावल्या. दोन माझ्या पद्धतीने, दोन तिच्या. काय झालं ते तुमच्या लक्षात आलं असेल. तिला मी ते कधीच सांगितलं नाही. मात्र तेव्हापासून माझ्याकडचा चाफा मरत नाही, आणि रिसॉर्टवाले तो गाडी भरून नेतात. कुणी विचारलं तर मी सांगतो, अनुभव आहे.

त्यानंतर ती दरवर्षी यायची आणि दरवर्षी माझं डोकं फिरवून जायची. तिची घमेली उचलायची पद्धत, खुर्ची दिली तरी उभं राहणं, माझ्या कात्रीला स्पिरिट लावून पुसणं. "याने तू एक झाड कापतोस आणि दहा झाडांना रोग देतोस. समजलास?" समजलो. कात्री पुसायला लागलो. हेही तिला सांगितलं नाही.

तिकडच्या थंडीत चाफा कसा जगवायचा, याच्या तिच्या गोष्टी ऐकायला मात्र मी काम थांबवायचो. उन्हाळ्यात कुंडी खिडकीत. थंडी सुरू झाली की पानं पिवळी पडून गळतात. मग पाणी बंद, एक थेंबही नाही. झाड कुंडीतून उपटायचं, मुळांची माती झाडायची, वर्तमानपत्रात गुंडाळायचं आणि जिन्याखालच्या कपाटात उभं करून ठेवायचं. पाच महिने. काळोखात. मी म्हटलं, हे झाड ठेवणं नव्हे, हा तुरुंग आहे. ती म्हणाली, बाहेर बर्फ आहे, बाबा, तुरुंगच बरा. एकदा गॅसचा पाईप बघायला आलेला माणूस ते कपाट उघडून दचकला होता. कागदात गुंडाळलेली ती वेडीवाकडी लाकडं त्याला हाडं वाटली. हे सांगताना ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले. मीही हसलो. तेवढं एकदाच.

पण फांद्यांवर तिचं समाधान नव्हतं. तिला बी हवं होतं. चाफ्याला शेंगा फार क्वचित धरतात. जोडीने, बैलाच्या शिंगांसारख्या. तिला कुठेच मिळेना. मला मिळाल्या. एका घाटीच्या पायवाटेजवळच्या जुन्या झाडावर दोन शेंगा मी हेरून ठेवल्या, त्यांना फडक्याची पिशवी बांधली, कारण शेंग फुटली की पंखवालं बी वाऱ्यावर जातं. आठ महिने मी त्या झाडावर पाळत ठेवली. गिऱ्हाइकासाठी नव्हे, व्यवहारासाठी.

बियाचं झाड म्हणजे रायवळ. आंब्याची बाठ रुजवली तर आईसारखाच आंबा लागेल असं नाही. आंबट निघेल, नाहीतर असा निघेल की आईला विसरून जाल. चाफ्याचंही तेच. एखाद्या बियातून कुणी न पाहिलेला रंग निघू शकतो. तो रंग ज्याच्या नर्सरीत, त्याचं नाव. मला ते नाव हवं होतं. हातात कुदळ घेऊन सुरुवात केलेल्या माणसाला नावाची किती भूक असते ते ज्यांच्या आजोबांच्याच बागा होत्या त्यांना कळणार नाही.

मी शेंगा तिच्यासमोर ठेवल्या आणि वर हात ठेवला. म्हटलं, यातलं जे पहिलं फुलेल त्याची एक फांदी माझी. ती म्हणाली, उगवलं तर. मी म्हटलं, उगवलं तर. तिने माझ्या हातावर हात मारला. पक्कं.

बियाणं तिने गरम पाण्याच्या टाकीवर ओल्या फडक्यात रुजवलं. दरवर्षी बातमी असायची. बारा उगवली. सात राहिली. चार. कपाटात जागा नाही म्हणून दोन शेजाऱ्याला दिली, त्याने मारली. मग एका वर्षी ती आली, पिशवी खाली ठेवली आणि मोबाईल माझ्यासमोर धरला.

पाकळीच्या कडेला कोकमाच्या सोलासारखा काळपट तांबडा आणि आत गळ्याशी फणसाच्या गऱ्याचा पिवळा. एवढी वर्षं झाडांत आहे, तसं फूल मी पाहिलेलं नव्हतं. मी हात पुसले आणि मोबाईल हातात घेतला. मग पिशवीकडे बघितलं. पिशवीत भावासाठी चॉकलेटं होती.

एकच दांडा आहे, ती म्हणाली, फुलल्यावर आता त्याला फांद्या फुटतील, थांब. ते खरं होतं. चाफ्याला फुलल्यावरच फांद्या फुटतात. मी वर्षभर थांबलो. पुढच्या वर्षी तीन फांद्या फुटल्याचा फोटो तिने दाखवला आणि पुन्हा रिकाम्या हाताने आली.

त्या दिवशी नर्सरीत गर्दी होती. मी विचारलं, शब्द दिला होतात ना?

"दिला होता. वेळ कुठे सांगितली होती?"

व्यवहारात असा मुद्दा मी काढला असता तर स्वतःवर खूष झालो असतो. तिने काढला म्हणून माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, सरळ सांगा, द्यायचं नाही. तेव्हा ती म्हणाली, "भीती वाटते रे. तुझ्या हाताला पाण्याची सवय आहे. इथे चार महिने आभाळ कोसळतं. एकदा मारलास की परत मिळायचं नाही."

सगळ्यांसमोर. माझ्या कातळावर उभं राहून. आणि मी शेडमागे काय शिकलो होतो ते मी कधी तिला सांगितलेलं नव्हतं, म्हणून तिला माहीत असायचं कारण नव्हतं. हे आता सुचतं. तेव्हा वेगळंच तोंडातून निघालं.

"ठेवा मग कपाटात. तुमच्यामागे आहे कोण? तुम्ही गेलात की ते लाकूड कचऱ्याच्या डब्यात जाणार."

तिने पिशवी उचलली, चष्मा नीट केला आणि माझ्याकडे नव्हे, फाटकाकडे बघत म्हणाली, "ते खरं आहे." आणि गेली. बायकोने त्या दिवशी मला जेवायला वाढलं, पण शेजारी बसली नाही.

पुढच्या पौषात ती आली नाही. मी विचारलं नाही. मी का विचारू? तिच्याकडून मला फांदी यायची होती. चैत्रात तिचा भाऊ रस्त्यात भेटला आणि म्हणाला, ताई गेली, तिकडेच, हॉस्पिटलमध्ये, आठ दिवसांत आटोपलं. मी जे बोलायचं ते बोललो. घरी येताना डोक्यात एकच चालू होतं. चैत्र म्हणजे झाड अजून कपाटात. घर रिकामं करणाऱ्याला ती लाकडंच दिसणार.

बियाण्यासाठी पुन्हा त्या घाटीजवळ गेलो. शेंगा नव्हत्या. पुढचे सहा महिने माझ्यासमोर चाफ्याचं नाव काढायची कुणाची टाप नव्हती.

कार्तिकात एका दुपारी सिस्टरच्या भावाची मुलगी, कॉलेजात शिकवते ती, स्कूटरवरून उतरून थेट माझ्यापर्यंत आली. हातात मोबाईल, त्यावर व्हिडिओ कॉल चालू. पडद्यावर एक म्हातारा गोरा, अंगात जाड स्वेटर, मागे खिडकी, खिडकीबाहेर राखाडी आभाळ. आत्याचा शेजारी, ती म्हणाली. तोच, दोन रोपं मारणारा. हॉस्पिटलात जाताना आत्याने हे झाड कपाटातून काढून, कुंडीत लावून त्याच्याकडे दिलं होतं. उन्हाळाभर त्याने खिडकीत ठेवलं, फुललं. आता पानं पिवळी पडून गळतायत. हे मरतंय म्हणून आजोबा घाबरलेत. आत्याच्या तोंडून रत्नागिरीतल्या एका माणसाबद्दल ऐकलेलं, म्हणून त्यांनी आम्हाला गाठलं.

मी विचारलं, काय ऐकलेलं?

"की तो भांडतो, पण झाडाचं त्याला कळतं," ती म्हणाली.

काटकुळं, हातभर उंच झाड. तीन फांद्या. मी आकडा मनात धरला. तिन्हींपैकी एक माझी. म्हाताऱ्याला माझी गरज होती, त्याच्याकडे माझी वस्तू होती. आयुष्यात याहून चांगला सौदा माझ्यासमोर आला नव्हता. मी घसा साफ केला. तेवढ्यात म्हाताऱ्याने बाजूची पाण्याची झारी उचलली आणि कुंडीवर वाकवली.

मी ओरडलो. मराठीत, माझ्या नेहमीच्या आवाजात. पाणी नको, थेंबही नको, ठेव ती खाली. मुलीला भाषांतर करायची वेळच आली नाही. म्हातारा जागच्या जागी थांबला आणि झारी दोन्ही हातांनी जमिनीवर ठेवली. मग मी एकेक सांगत गेलो आणि ती त्याला सांगत गेली. माती झाडा. मुळं ओढू नका. वर्तमानपत्र सुकं घ्या. तो ऐकत होता, तसं करत होता. जिन्याखालचं कपाट त्याच्याकडेही होतं, घरं एकासारखी एक. त्याने ती गुंडाळी छातीशी धरून नेली, कोपऱ्यात उभी केली आणि मला दिसावं म्हणून मोबाईल आत धरला. मी म्हटलं, बास, दार लावा.

दार लागलं. मुलीने फोन बंद केला आणि माझ्याकडे वळली.

"काका, आत्याने कबूल केलेल्या फांदीचं विचारायचं होतं ना?"

मी गोणपाट उचललं, झटकलं, पुन्हा ठेवलं.

"आत्ता झोपलंय ते," मी म्हटलं. "उन्हाळ्यात बघू."