सरळ रस्त्यावरचं वळण

ये गं हर्षदा, अशी जवळ बस. दोन महिन्यांत पायरी चढली नाहीस, म्हणून कागदावरच बसवून घेते तुला. फोनवर "जेवलात का, गोळी घेतली का" एवढं विचारायचं आणि ठेवून द्यायचं, ही कुठली रीत गं? खारघर काही सातासमुद्रापलीकडे नाही. गाडीची किल्ली पर्समध्ये टाकून गेलीस ती गेलीसच. आता मी सांगते ते मध्येच न तोडता ऐक, कारण हे मी त्या सकाळीच सांगायला हवं होतं.

त्या रविवारचं ऊन अजून डोळ्यांपुढून जात नाही. खाडीवरचं विरळ धुकं उन्हाच्या पहिल्या स्पर्शाने गुलाबी होऊन हळूहळू उचललं जात होतं, ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलाचा खारट वास पेट्रोलच्या आणि तापल्या रबराच्या वासात मिसळत होता, आणि आपल्या तळवलीच्या खालून जाणारा तो रुंद रस्ता सकाळपुरता रहदारीला बंद करून त्यावर मोटार-रॅलीतून निवृत्त झालेल्या जुन्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. एकेकीने सुटायचं, पुढच्या चौकाला वळसा घालून परतायचं, आणि जिला सर्वांत कमी वेळ लागेल ती पहिली. कुणाच्या दारावरचा आकडा पुसट झालेला, कुणाचा पत्रा ठिगळांनी सांधलेला. पण इंजिनं सुरू झाली आणि त्या सगळ्या म्हाताऱ्या एकदम अशा थरथरल्या, की लग्नघरात हळदीचं गाणं ऐकून गुडघे विसरणाऱ्या बायकाच आठवल्या मला. आपली निळी गाडी त्यांच्यात सर्वांत शेवटी उभी होती, आणि सर्वांत देखणी होती. माझी आहे म्हणून नाही सांगत.

तुला त्या गाडीचं नि आमचं तरुणपण फारसं ठाऊक नाही. रबाळ्याच्या गॅरेजात आठवडाभर कारखान्यांचे टेम्पो दुरुस्त करायचे आणि सुट्टीला घाटात, माळावर, धुळीत रॅलीला पळायचं, असा तुझ्या बाबांचा संसार. आणि त्यांच्या डाव्या हाताला वही घेऊन बसायचं, असा माझा. वळण येण्याआधी ते वाचून सांगायचं काम. सातवीपर्यंत शिकलेली मी, लोकांच्या त्या इंग्रजी खुणा माझ्या जिभेवर काही बसेनात, म्हणून मी माझ्या खुणा केल्या: वेग न मोडता घेता येतं ते ऐसपैस वळण म्हणजे परात, त्याहून आवळ ते ताट, मग वाटी, आणि जिथे गाडी स्वतःच्याच शेपटीला शिवायला जाते ती बांगडी. बाकीचे गाडीवाले हसायचे, "काय वहिनी, आज मेनू काय?" म्हणायचे. संध्याकाळी निकाल लागला की तेच येऊन वही बघायला मागायचे.

त्या कामाची एक गंमत आहे, तेवढी नीट समजून घे, म्हणजे पुढचं समजेल. वाचणाऱ्याने डोळे वहीवरून उचलायचे नसतात. एकदा वर पाहिलं की ओळ चुकते, आणि ओळ चुकली की दरी. चालवणाऱ्याला तर धुळीपलीकडचं काही दिसतच नाही. त्याला रस्ता आधी कानात भेटतो, मग चाकाखाली. म्हणून त्याने डोळ्यांपेक्षा कानाचं ऐकायचं, हा आमच्यातला पहिला आणि शेवटचा करार.

हा करार आम्ही शिकलो तो आज हा रुंद रस्ता आहे ह्याच जमिनीवर. तेव्हा इथे मिठागरं होती, त्यांच्या बांधावरून एक कच्चा रस्ता जायचा आणि टोकाच्या उंबरापाशी अंगठीसारखा वळायचा. माझ्या वहीचं पहिलं पान त्याच रस्त्याचं: दोनशे सरळ, डावी वाटी, उंबराला बांगडी.

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून तुझ्या जिवाला घोर. डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हटलं, तरी तुझं एकच, "आई, मला टेन्शन नको. एक चूक दिसली तर किल्ली माझ्याकडे, आणि गाडी विकायला जाईल." बाबांनी मुकाट्याने कबूल केलं. ह्या माणसाने आयुष्यात इतक्या चटकन काही कबूल केलेलं मी पाहिलं नव्हतं. तेव्हाच कळलं मला, त्यांना ती एक सकाळ किती हवी होती.

आदल्या संध्याकाळी स्पर्धा भरवणाऱ्यांनी सगळ्यांना तो रस्ता पायी फिरून, वहीत नव्याने टिपून घ्यायला बोलावलं होतं. मी नाही गेले. "ज्या बांधावर मी परकर खोचून धावले, तो रस्ता मला हे दाखवणार?" असं म्हणत घरात वाल सोलत बसले. बाहेरगावचे सगळे चालून आले, टिपून आले. इथली मी एकटीच घरी.

आणि मग झेंडा पडला. सीटने पाठ धरली, सगळं अंग इंजिनासारखं गुरगुरायला लागलं, मांडीवर जुनी वही उघडी, आणि किती वर्षांनी तो आवाज कानात शिरला तशी माझी जीभ आपोआप चालू लागली. दोनशे सरळ. डावी वाटी! बाजारात भाजी आणायला त्याच रस्त्यावरून कितीदा गेले होते मी, तो सुतासारखा सरळ आहे हे झोपेतही सांगितलं असतं. पण डोळे वहीवर होते गं, आणि वहीत अजून मिठागर होतं.

बाबांनी ब्रेक दाबला. नाक डावीकडे वळलं, मागची चाकं किंचाळली, आणि गाडी मोकळ्या, सरळ, उन्हाने चकाकणाऱ्या रस्त्याच्या मधोमध आडवी उभी राहिली. लोकांना वाटलं, कसरत केली. त्यांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही शेवटचे आलो.

तू धावत आलीस. "बाबा, दिसलं नाही ना? खरं सांगा!" त्यांनी सावकाश हेल्मेट काढलं, माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि म्हणाले, "व्हय गो पोरी, नाय दिसला." आणि किल्ली तुझ्या हातावर ठेवली. मी वही पदराखाली धरून उभी. घाटात ओरडणारा हा गळा, त्या दिवशी कुठे गेला होता कुणास ठाऊक.

दुपारी जेवताना विचारलं मी, "अवो, रस्ता सरल दिसत नव्हता तुमाला?"

"दिसत व्हता की. लख्ख."

"मंग?"

"तू बोललीस वलन हाय." भाताचा घास तसाच हातात. "मंग मी कसा सरल जानार?"

"आनि पोरीला खोटं कशाला सांगितलंत?"

"डोला माजाच हाय ना? त्याच्यावं काय बी घालीन." आणि हसले. ताटातली वालाची भाजी पुन्हा मागून घेतली, जशी काही रोजचीच दुपार.

तेव्हापासून मी त्या आडव्या उभ्या राहिलेल्या गाडीचा विचार करते आहे. पायाखालून मिठागर गेलं, उंबर गेला, इमारती आल्या, तरी ह्या सगळ्यात मी आजवर मोठ्या ऐटीत "आम्ही इथलेच" म्हणत आले. आणि जी बाई इथलीच होती तिलाच रस्ता दिसला नाही. पण शेजारी बसलेल्या माणसाला तो लख्ख दिसत होता, आणि तरीही तो माझ्यासाठी, नसलेल्या उंबराच्या वाटेला वळला. ह्याला चूक म्हणायचं की आणखी काही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यांचा डोळा ठणठणीत आहे, पायही. बदलायला हवी होती ती वही. ती जुनी मी कपाटात साड्यांखाली ठेवली आहे, फाडणार नाही. पण नवीन कुणीतरी लिहायला हवी, रस्ता आज आहे तसा बघणाऱ्या डोळ्यांनी. तुझं अक्षर चांगलं आहे. परात, ताट मी शिकवीन. तुझ्या खुणा तुला वेगळ्या हव्या असतील तर तशा कर.

येत्या रविवारी सकाळी ये, ऊन चढायच्या आत. तिघं मिळून चौकापर्यंत चालत जाऊ, रस्ता नीट बघू. वाल भिजत घालून ठेवते. कोरी वही आण, आणि किल्ली विसरू नकोस.